केसाहून बारीक फट

"पिस्टन आणले का, भाऊ?"

ब्लॉक अजून ऑटोतून उतरवलाही नव्हता, तोच त्या माणसानं हे विचारलं. मी म्हणालो, आधी बोअर करून ठेवा, मग त्या मापाचे पिस्टन घेऊन येतो. त्यानं हातातली चिंधी बाजूला ठेवली. "तसं नाई होत. पिस्टन हाती असल्याबिगर मी बोअरले हात लावत नाई." ब्लॉक तिथंच ठेवून मी स्पेअर पार्टच्या दुकानाकडे वळलो, आणि मशीन शॉप सापडलं याची खात्री त्याच क्षणी पटली. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. तिथं सकाळी दिलेला ब्लॉक संध्याकाळी 'वीस थाऊ' (इंचाचे वीस हजारांश) होऊन परत मिळाला, पिस्टन मी नंतर आणले, आणि आठ महिन्यांत गाडी पुन्हा तेल पिऊ लागली.

आमचं घर लोहाऱ्यात, यवतमाळच्या दारव्हा रोडला. एमआयडीसी जवळ असल्यानं लोखंड कापल्याचे, घासल्याचे आवाज इथं नवे नाहीत. घराच्या पडवीत ज्या गाडीचं इंजिन मी उघडलं ती मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. या मॉडेलची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. एमएच २९ पाटीच्या ८०० आमच्याकडे अजून रस्त्यावर दिसतात. घरी इंजिन शिकायचं असेल तर याहून चांगलं इंजिन मला माहीत नाही. तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व्ह, क्रँकला चार मेन बेअरिंग, एकूण ७९६ सीसी. सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७२ मिलिमीटर. सुटे भाग मिळतात आणि ब्लॉक दोन माणसं सहज उचलतात. यातलं जवळजवळ सगळं काम घरी करता येतं. जे घरी होत नाही ते मशीन शॉपमध्ये होतं, आणि इंजिन टिकणार की नाही हे बहुतेक तिथंच ठरतं. म्हणून या लेखातला मोठा भाग त्या दुकानाबद्दल आहे.

पण आधी इंजिन खरंच उघडायला हवं का, ते पाहू. "गाडी धूर मारते" एवढ्यावर इंजिन उतरवू नये. सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर निळा धूर येऊन थांबत असेल, तर बऱ्याचदा व्हॉल्व्हच्या दांडीवरची रबरी सीलं कडक झालेली असतात. चढावर जोर लावताना निळा धूर येत राहिला, ऑईल फिलरचं झाकण उघडल्यावर तिथूनही फुसफुस वाफ येत असली, तर रिंगा आणि बोअर यांच्यावर संशय घ्यावा. पांढरा धूर आणि सोबत रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट.

संशयाचा निकाल कॉम्प्रेशन गेज लावतं. इंजिन गरम करायचं, तिन्ही प्लग काढायचे, कॉइलची तार सोडायची, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि स्टार्टर फिरवायचा. निरोगी छोटं पेट्रोल इंजिन दर चौरस सेंटिमीटरला साधारण ११ ते १३ किलोचा दाब दाखवतं. माझ्या गाडीचे आकडे होते ८.५, १० आणि ७.५. दाब कमी असण्याइतकंच सिलिंडरांमधलं अंतर वाईट होतं. एका किलोहून जास्त फरक पडला की तो शोधावाच लागतो. मग प्रत्येक प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑईल सोडून पुन्हा मोजलं. ऑईलमुळे रिंगांची गळती थोड्या वेळापुरती बुजते. दाब वर गेला तर दोष रिंगा-बोअरचा, नाही गेला तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. माझा तिन्हींत वर गेला.

अशा वेळी मेकॅनिक 'हाफ इंजिन' सुचवतात. म्हणजे ब्लॉक तसाच ठेवायचा, नव्या रिंगा टाकायच्या, लागलं तर बेअरिंग बदलायचे. बोअर मापात असेल तर हे काम चांगलं आहे. बोअर झिजलेला असताना ते करणं म्हणजे गाडीच्या मालकाचे पैसे वाया घालवणं, असं माझं स्पष्ट मत आहे. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थांबून परत फिरतो, तिथं उष्णता सर्वांत जास्त आणि तेल सर्वांत कमी असतं, म्हणून सर्वाधिक झीज तिथं होते. त्याच्याही वर, जिथं रिंग पोचतच नाही, तिथं न झिजलेली एक कड उभी राहते. नख फिरवलं तर ती लागते. अशा सिलिंडरात नवी रिंग टाकली की ती प्रत्येक फेरीत उघडते-मिटते. शिवाय तिची कोरी धार त्या कडेवर आपटते आणि वरची रिंग तुटू शकते.

इंजिन का झिजतं, याचीही कारणं आपल्याकडे ठरलेली आहेत. उन्हाळ्यातली धूळ फाटक्या एअर फिल्टरमधून आत जाते आणि तेलात मिसळून घोटण्याच्या पेस्टसारखं काम करते. रेडिएटरमध्ये बोअरवेलचं जड पाणी घातलं की ब्लॉकच्या आतल्या पाण्याच्या वाटांना चुन्याचा थर धरतो. मग इंजिन तापतं. तापतं म्हणून कोणीतरी थर्मोस्टॅटच काढून फेकून देतं. माझ्याही गाडीत थर्मोस्टॅटची जागा रिकामी निघाली. थर्मोस्टॅट नसलं की थंडीच्या सकाळी इंजिन बराच वेळ गार राहतं, न जळलेलं पेट्रोल बोअरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं आणि रिंग कोरड्या लोखंडावर घासते.

उतरवण्याचं काम थोडक्यात सांगतो. बॅटरीची तार आधी सोडावी. पेट्रोलची नळी बंद करावी, तेल आणि पाणी काढावं. चेन ब्लॉक कडुनिंबाच्या फांदीला लटकवण्याची आपल्याकडे सवय आहे, ती सोडावी. लोखंडी तिपाई भाड्यानं मिळते. प्रत्येक तारेचा, नळीचा फोटो काढावा. प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या पिशवीत ठेवून पिशवीवर मार्करनं नाव लिहावं. हेडचे बोल्ट इंजिन पूर्ण गार झाल्यावरच, बाहेरून आत येत, थोडे-थोडे सैल करावेत, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं.

दोन गोष्टींत मात्र अजिबात घाई नको. कनेक्टिंग रॉड आणि त्याची टोपी ही जोडी असते. कारखान्यात दोन्ही एकत्र बांधून त्यांचं गोल भोक केलेलं असतं, त्यामुळे एका रॉडची टोपी दुसऱ्याला चालत नाही आणि उलटीही बसवता येत नाही. मेन बेअरिंगच्या टोप्यांचंही तसंच. त्यांवर बाण आणि आकडे नसतील तर सोडण्याआधी नंबर पंचानं खुणा कराव्यात. आणि ब्लॉकवरच्या इंजिन नंबराला ग्राइंडर, वायर ब्रश काही लावू नये. तो आरसीवर आहे, आणि ब्लॉकच बदलायची वेळ आली तर आरटीओत नोंद करावी लागते.

आता मोजमाप. माझ्या मते घरी इंजिन बांधण्याचा खरा आनंद यातच आहे. लागणारी हत्यारं थोडीच: ५० ते ७५ मिलिमीटरचा मायक्रोमीटर, क्रँकसाठी २५ ते ५० चा, डायल बोअर गेज, फिलर गेज आणि एक सरळ पट्टी. बोअर गेज महाग वाटलं तर मागून आणा, पण आणा. व्हर्नियरनं सिलिंडर मोजू नये. त्याच्या जबड्यांना एवढी बारकाई झेपत नाही. प्रत्येक सिलिंडर तीन उंचींवर मोजायचा: वरच्या कडेच्या जरा खाली, मध्ये आणि तळाशी. प्रत्येक उंचीवर दोन वेळा, एकदा क्रँकच्या रेषेत आणि एकदा तिला काटकोनात. एका सिलिंडरचे सहा आकडे, तिन्हींचे अठरा. मी आकडा सांगायचो आणि मुलगी शाळेच्या वहीत लिहायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच अठरा आकडे घेतले. दोन दिवसांचे आकडे जुळेपर्यंत स्वतःच्या हातावर विश्वास ठेवायचा नाही, हे तिथं ठरलं. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत छोट्या मापात ०.१० मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर रिबोरिंगला पर्याय नाही. माझा पहिला आणि तिसरा त्या पलीकडे गेला होता. दुसरा काठावर होता, तरी बोअर तिन्ही करायचे, एकाच मापाचे. नाहीतर तीन पिस्टनांची वजनं आणि तीन सिलिंडरांची आकारमानं वेगळी होतात.

नव्या पिस्टन-बोअरमधली फट या जातीच्या इंजिनात साधारण चार शतांश मिलिमीटर, म्हणजे ०.०४. माणसाच्या डोक्याचा केस बहुधा याहून जाड असतो. फट कमी ठेवली तर गरम झाल्यावर फुगलेला पिस्टन भिंतीला चिकटतो. जास्त ठेवली तर पिस्टन डुलतो, खडखडतो आणि रिंगा नीट बसत नाहीत.

या चार शतांशांवर आमच्या यवतमाळच्या उन्हाचाही हक्क आहे. अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन एका अंशाला लांबीच्या साधारण दहा लाखांत वीस भाग वाढतो. ६८.५ मिलिमीटरचा पिस्टन वीस अंशांनी जास्त गरम असेल तर तो सुमारे ०.०२७ मिलिमीटरनं मोठा मोजला जातो. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीतून पिस्टनचा खोका काढला, सावलीतल्या ब्लॉकशेजारी ठेवला आणि लगेच मोजला, तर ठरलेल्या फटीतला निम्म्याहून जास्त हिस्सा मापातच चुकतो. त्या मोठ्या मापावर बोअर केला की पिस्टन कायमचा सैल. म्हणून ब्लॉक, पिस्टन, मायक्रोमीटर आणि गेज रात्रभर एकाच खोलीत ठेवावेत आणि सकाळी ऊन चढण्याआधी मोजावं. कारखान्यांत मापनाचं प्रमाण तापमान २० अंश असतं. ते आपल्याकडे उन्हाळ्यात मिळणार नाही, पण सगळं सारख्या तापमानाला असलं की चूक फार कमी होते.

पिस्टन कुठं मोजायचा हेही नीट पाहावं. तो डोळ्यांना गोल दिसतो, पण किंचित अंडाकृती आणि वरच्या बाजूला निमुळता घडवलेला असतो, कारण डोक्याकडचा भाग जास्त तापून जास्त फुगतो. मोजायचा तो खालच्या घेरावर, गजन पिनला काटकोनात, इंजिनच्या पुस्तकात दिलेल्या उंचीवर.

सिलिंडरच्या गोलाईवर सगळं इंजिन अवलंबून असतं, हे पहिल्यांदा नीट कळलं ते वाफेच्या इंजिनाच्या वेळी. जेम्स वॉटनं १७६९ मध्ये पेटंट घेतलं, पण त्याच्या कल्पनेला शोभेल असा गोल सिलिंडर कोणाला करता येईना, वाफ कडेनं निसटत राही. जॉन विल्किन्सननं तोफांच्या नळ्या पोखरण्यासाठी १७७४ मध्ये नवं यंत्र बांधलं होतं. त्यावरून पुढं सिलिंडर पोखरण्याचं यंत्र आलं आणि वॉटचं इंजिन धंद्यात उतरलं. पन्नास इंची सिलिंडरात कुठंही जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीही चूक नाही, असं वॉटचा भागीदार बोल्टन याला कौतुकानं लिहावंसं वाटलं. नाण्याच्या जाडीवरून आपण केसाच्या जाडीखाली आलो. पोखरण्याचं तत्त्व मात्र तेच राहिलं आहे: घट्ट आधार दिलेला दांडा आणि त्यावर फिरणारं पातं.

यवतमाळच्या आसपासची मशीन शॉप प्रामुख्यानं ट्रॅक्टर, ट्रक आणि डिझेल पंपांवर चालतात. तिथं बऱ्याच इंजिनांत सिलिंडरला वेगळं लायनर असतं. जुनं ओढून काढलं, नवं बसवलं, झालं. या कामात वाकबगार असलेल्या कारागिरानं छोट्या गाडीचा ब्लॉक वर्षभरात कितीदा बोअर केला असेल, हे विचारून घ्यावं. दुसरीकडे जिनिंगचे शाफ्ट करणारे लेथवाले आहेत. त्यांच्यातल्या काहींचा हात इतका साफ असतो की पाहत राहावं. पण शाफ्टचं बाहेरचं माप राखणं आणि खोल सिलिंडर आतून गोल, सरळ आणि क्रँकला काटकोनात ठेवणं, ही दोन वेगळी कामं आहेत. जवळ माणूस सापडला नाही तर वर्धा, अमरावती, नागपूर गाठावं. दुसऱ्यांदा पिस्टन घेण्यापेक्षा एसटीचं तिकीट स्वस्त पडतं.

दुकानात पहिल्यांदा ब्लॉक न घेता जावं आणि नुसतं उभं राहून पाहावं. मोजण्याची हत्यारं कुठं ठेवली आहेत? मायक्रोमीटर लाकडी डबीत असेल, बोअर गेज भिंतीवरच्या कपाटात असेल तर चांगलं लक्षण आहे. तो पान्यांच्या ढिगात पडला असेल तर नमस्कार करून निघावं. मशीन जुनं असलं तरी काळजी नको; मशीनचं टेबल पुसलेलं आहे का हे पाहावं. टेबल आणि ब्लॉक यांच्यामध्ये लोखंडाचा एक कीस सापडला तरी ब्लॉक तिरका बसतो आणि बोअर तिरका होतो. छोट्या दुकानांत बोअरिंगचा बार थेट ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागावर बांधतात. हे चुकीचं नाही, पण तो पृष्ठभागच सपाट नसेल तर नवा सिलिंडर त्याच्या हिशेबानं तिरका होणार. म्हणून विचारावं, "वरचा फेस आधी तपासता का?"

मी आणखी काय विचारलं, ते सांगतो. होनिंगसाठी किती ठेवता? बोअरिंगचं पातं भिंतीवर बारीक आटे सोडतं आणि कड्यांवरचं लोखंड किंचित फाडतं. तो थर होनिंगच्या दगडांनी काढावा लागतो, आणि त्यासाठी तीन ते पाच शतांश राखून ठेवायचे असतात. "पूर्ण मापाला बोअर करतो, मग नुसता दगड फिरवतो" असं उत्तर आलं तर तो दगड फक्त चकाकी आणतो. होनिंगनंतर भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या तिरक्या रेघांची जाळी दिसली पाहिजे, साधारण ४५ अंशांची. तेल त्या रेघांत थांबतं. आरशासारखा गुळगुळीत सिलिंडर हातात आला तर तेल टिकायला जागाच उरत नाही.

बोअर करताना मेन बेअरिंगच्या टोप्या आवळून ठेवता का, हेही विचारलं. टोप्या आणि हेड आवळल्यावर ब्लॉक किंचित ओढला जातो आणि सिलिंडर थोडा आकार बदलतो. मोठ्या शहरांतली काही दुकानं होनिंगच्या वेळी हेडच्या जागी जाड लोखंडी प्लेट आवळतात, म्हणजे सिलिंडर आधीच ओढलेल्या अवस्थेत गोल होतो. रोजच्या गाडीला ती प्लेट नसली तरी चालतं. पण मी विचारल्यावर त्या माणसाच्या चेहऱ्यावर प्रश्न समजल्याचं दिसलं, मला तेवढंच पाहायचं होतं.

क्रँकचं काम वेगळं आहे, आणि तिथं चूक झाली तर ती लवकर दिसत नाही. जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, मायक्रोमीटरनं मोजून गोल आणि गुळगुळीत निघालं तर ग्राइंडिंग करूच नये, पॉलिश पुरे. ग्राइंडिंग करायचं असेल तर कमी मापाचे बेअरिंग आधी विकत घेऊन द्यावेत, जसे पिस्टन दिले. जर्नल जिथं क्रँकच्या पाकळीला मिळतं तिथं छोटी गोलाई असते. ग्राइंडिंगचा दगड ती खाऊन काटकोनी कोपरा ठेवून गेला तर पुढं कधीतरी तिथूनच चीर पडते. तेलाच्या भोकांच्या कडाही घासल्यावर धारदार होतात आणि नव्या बेअरिंगला ओरखडतात; त्या मोडून द्याव्या लागतात. काम घ्यायला गेल्यावर सगळ्यात आधी या दोन जागी बोट फिरवावं.

हेडबाबत दोनच गोष्टी. फेसिंग कमीत कमी. पट्टी ठेवून ०.०५ मिलिमीटरचं फिलर गेज खाली शिरत नसेल तर हेड सपाट आहे, फेसिंगची गरज नाही. आणि व्हॉल्व्हचं गाइड झिजलं असेल तर आधी गाइड, मग सीट. सीट कापण्याचं हत्यार गाइडमध्ये टेकून फिरतं. जुन्या सैल गाइडवर सीट कापून नंतर गाइड बदलणारा माणूस दोन्ही कामं वाया घालवतो.

शेवटची मागणी कागदाची. प्रत्येक सिलिंडरचं शेवटचं माप, प्रत्येक पिस्टनचं माप, त्यांतली फट, क्रँकचे आकडे, हे सगळं बिलाच्या मागे लिहून द्याल का? माझ्या माणसानं हे ऐकल्यावर पिस्टनांच्या डोक्यांवर मार्करनं १, २, ३ लिहिलं. प्रत्येक सिलिंडर त्याच्याच पिस्टनच्या मापाला होन केला होता, म्हणून आकडे लिहिणं त्याला भाग होतं. तीन पिस्टन एकाच खोक्यातले असूनही एकमेकांपासून शतांशभर वेगळे निघाले. 'वीस थाऊ'चा ठरलेला आकडा लावून, पिस्टन न पाहता बोअर करणाऱ्याला हा फरक कळूच शकत नाही. पहिल्या वेळी माझी गाडी का बिघडली हे मला त्या तीन आकड्यांत दिसलं. काम मिळायला सहा दिवस लागले. संध्याकाळी या म्हणणाऱ्यापेक्षा पुढच्या सोमवारी या म्हणणारा मला जास्त भरवशाचा वाटतो.

ब्लॉक घरी आल्यावर लगेच बांधायला घेऊ नका. होनिंगच्या दगडांचे कण त्या बारीक रेघांत अडकलेले असतात, आणि ते डिझेलनं, रॉकेलनं, पेट्रोलनं निघत नाहीत. हे द्रव तेल काढतात आणि कण तिथंच खाली बसवतात. कण काढतं ते साबणाचं गरम पाणी. आम्ही अंगणात बंब पेटवला. कपडे धुण्याची पावडर, गरम पाणी आणि नायलॉनचा ब्रश घेऊन प्रत्येक सिलिंडर घासला, तेलाच्या वाटांचे बूच काढून त्यांतून बाटल्या धुण्याचा बारीक ब्रश फिरवला. धुतल्याबरोबर कॉम्प्रेसरच्या हवेनं कोरडं करून ताबडतोब इंजिन ऑईल लावायचं. उघड्या लोखंडाला काही मिनिटांत गंज धरतो. मग पांढऱ्या सुती कापडावर तेल घेऊन भिंत पुसायची. कापड करडं झालं तर पुन्हा धुवायचं. आमचं कापड पांढरं राहिलं ते चौथ्या धुण्यानंतर. हा अर्धा दिवस वाचवायला जाऊन माणसं पूर्ण इंजिनाचा खर्च घालवतात, म्हणून इथं मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे.

जोडणीत नियम सोपे आहेत, पण एकही सुटू नये. प्रत्येक रिंग आधी नुसती तिच्या सिलिंडरात टाकून, पिस्टननं सरळ खाली ढकलून तिच्या टोकांमधलं अंतर फिलर गेजनं मोजावं. या व्यासाला पाव मिलिमीटरच्या आसपास अंतर येतं. टोकं एकमेकांना टेकत असतील तर गरम झाल्यावर रिंग भिंतीत घुसते. बेअरिंगच्या पाठीमागे तेल लावायचं नाही, ती बाजू कोरडी. तेल फक्त जर्नलकडच्या बाजूला. टोपी आवळल्यावर प्रत्येक वेळी क्रँक हातानं फिरवून पाहावा. एका टोपीनंतर जड झाला तर तिथंच थांबून कारण शोधावं. क्रँकची पुढं-मागं हालचाल साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर असावी. रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ देऊ नयेत, त्यांवरची खूण वर असावी, पिस्टनवरचा बाण टायमिंग बेल्टच्या बाजूला. बोल्ट टॉर्क रेंचनं, पुस्तकातल्या आकड्याला, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. हेडचे मधून बाहेर. अंदाजानं आवळण्याची सवय कितीही जुनी असली तरी हेडवर ती चालवू नये. टायमिंग बेल्ट नवाच घ्यावा. इंजिन पेटवण्याआधी पान्यानं पूर्ण दोन फेऱ्या फिरवून खुणा पुन्हा जुळतात का पाहावं. डिस्ट्रिब्युटरच्या तारा १-३-२ या क्रमानं. आणि थर्मोस्टॅट परत त्याच्या जागी.

पहिल्यांदा चालू करताना प्लग न लावता स्टार्टर फिरवावा, ऑईलचा लाल दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावून पेटवावं. नवं इंजिन तासभर न्यूट्रलवर चालू ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती रिंगांच्या हिताची नाही. रिंगेला भिंतीवर दाबतो तो तिच्यामागे शिरणारा ज्वलनाचा दाब, आणि न्यूट्रलवर तो फारसा नसतो. म्हणून गळती नाही याची खात्री झाली, पाणी तापलं की गाडी रस्त्यावर काढावी. मी दारव्ह्याच्या दिशेनं निघालो. तिसऱ्या गिअरमध्ये हळूच जोर द्यायचा, मग पाय काढून गाडी इंजिनावर सैल सोडायची, पुन्हा जोर. एकाच वेगानं लांब पळवायचं नाही, उंच गिअरमध्ये चढावर कण्हू द्यायचं नाही. पहिलं तेल आणि फिल्टर शंभर किलोमीटरला बदललं. त्यात बारीक चकाकी दिसली, ती पहिल्या तेलात असतेच. पुढचं तेल हजाराला.

याच बाजूनं पूर्वी यवतमाळ ते मूर्तिजापूर 'शकुंतला' ही आगगाडी जायची. १९२१ मध्ये मँचेस्टरला घडवलेलं वाफेचं इंजिन ती गाडी सत्तरहून जास्त वर्षं ओढत होतं. १५ एप्रिल १९९४ ला त्याची जागा डिझेलनं घेतली. इतकी वर्षं ते चाललं म्हणजे कितीदा तरी उघडलं गेलं असणार, मोजलं गेलं असणार आणि कोणीतरी ते आकडे लिहून ठेवले असणार. गाडी रानातल्या रस्त्यावर सैल सोडली की मला त्या लिहिणाऱ्या माणसांची आठवण येते.

हजार किलोमीटर झाल्यावर रविवारी सकाळी प्लग काढले. मुलीनं तीच वही आणली. मी स्टार्टर फिरवला, ती गेज वाचत गेली आणि जुन्या ८.५, १०, ७.५ च्या खाली तिनं लिहिलं: १२.५, १२.५, १२.४. मशीन शॉपच्या बिलामागचा कागद त्याच पानाला टाचून वही डॅशबोर्डच्या खणात ठेवली आहे.